वर्तनामागचे कारण आधी शोधणारी सेवा : बालवर्गातील दिव्यांग मुलांसाठीच्या वर्तन-साहाय्याचे परीक्षण

शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या दिव्यांग मुलांच्या वर्तनाच्या अडचणींवर शाळेतच, आणि त्या अडचणी अंगवळणी पडण्याआधी, काम करणारी एक सेवा आमच्या मुलीच्या शाळेने बाहेरच्या पथकाकडून घेतली आहे. या पथकात वर्तनतज्ज्ञ, विशेष शिक्षिका आणि वाचा-भाषातज्ज्ञ आहेत. बालवर्गात असताना मुलीला ही सेवा मिळू लागली आणि आता ती पहिलीत गेल्यावर या सेवेविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. निष्कर्ष आधीच सांगते. ज्यांचे मूल शाळेत नव्याने जाऊ लागले आहे आणि ज्यांच्या घरी ‘वर्गात बसत नाही’, ‘इतर मुलांना मारते’, ‘सांगितलेले ऐकत नाही’ अशा तक्रारी येऊ लागल्या आहेत, अशा प्रत्येक पालकाने ही सेवा मागून घ्यावी. मात्र तिचा एक भाग, म्हणजे मूल एका वर्गातून पुढच्या वर्गात जाताना व्हायचे हस्तांतर, इतका कच्चा आहे की त्याची तजवीज पालकांनी पहिल्याच बैठकीत करून घ्यायला हवी.

आमच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तिचे बोलणे मोजके आहे, समज मात्र बोलण्याच्या पुष्कळ पुढे आहे. वर्गात बसून करायच्या कामात तिची फारशी तक्रार नव्हती. अडचण होती ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची. प्रार्थनेहून वर्गात, वर्गातून मैदानावर, मैदानावरून जेवणाच्या खोलीत जायची वेळ आली की ती वाटेतच जमिनीवर बसे. कोणी हात धरून ओढले तर अंग सैल सोडून देई, उचलायला वाकले तर केस धरी. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना हे असे बसून घेणे चांगले परिचयाचे असते. शाळेत त्याकडे हट्ट म्हणून पाहिले जात होते आणि ‘मोठी झाली की सुटेल’ असा दिलासाही आम्हाला दिला जात होता. सेवेच्या पथकाने पहिल्या भेटीत हा दिलासा बाजूला ठेवला. ज्या वर्तनातून मुलाला हवे ते रोज मिळत राहते, ते वय वाढल्याने आपोआप सुटत नाही. उलट मूल जड आणि उंच होत गेले की त्याच वर्तनाला शाळा अधिक घाबरते, हे त्यांनी शांतपणे पण स्पष्ट सांगितले. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत थांबण्याची अटही त्यांनी घातली नाही. निदान काहीही असो, वर्गात मूल आज कुठे अडते एवढे पाहून काम सुरू करता येते, अशी त्यांची भूमिका आहे, आणि ज्या पालकांची मुले अजून तपासण्यांच्या फेऱ्यांत आहेत त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

या सेवेचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे तिचे निरीक्षण. योजना सांगण्याची कोणतीही घाई न करता पथकाने आधी नुसते पाहिले. नोंदवहीत तीन रकाने होते : आधी काय घडले, मुलीने काय केले आणि त्यानंतर लगेच काय घडले. वर्तनाच्या कामात ही पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे. पण ती नीट वापरली जाणे दुर्मीळ आहे, कारण घाईत असलेला माणूस मधला रकाना भरतो आणि दोन्ही कडेचे रकाने ‘काही कारण नाही’ असे लिहून मोकळे सोडतो. इथे तसे झाले नाही. शिवाय मुलगी कुठे बसते याच्या जोडीने ती कुठे बसत नाही, याचीही नोंद झाली. ग्रंथालयाकडे जाताना ती कधीच बसत नव्हती, कारण तिथे पुस्तकांची पिशवी नेण्याचे काम तिच्याकडे असे आणि ती खोली शांत असे. मैदानावरून जेवणाच्या खोलीकडे जाताना मात्र ती जवळपास नेहमी बसे. त्या खोलीत आवाज घुमतो, भांड्यांचा खडखडाट असतो आणि सगळे वर्ग एकदम आत शिरतात. ती बसली की दोन-तीन मोठी माणसे तिच्याभोवती जमत, तिची मनधरणी करत, बाकीचा वर्ग पुढे निघून जाई, आणि शेवटी ती मदतनीस ताईंबरोबर शांत व्हरांड्यात उरे. तिच्या बसण्याने तिला एकाच वेळी दोन गोष्टी मिळत होत्या : गोंगाटापासून सुटका आणि मोठ्यांचे लक्ष.

निरीक्षणातूनच आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि तिच्यासाठी मी या पथकाची कायम ऋणी राहीन. वाचा-भाषातज्ज्ञांच्या लक्षात आले की समोरून बोलले तर मुलगी सूचनेप्रमाणे उठते, पण पाठीमागून किंवा सगळ्या वर्गाला मिळून दिलेली सूचना तिच्यापर्यंत अर्धवटच पोहोचते. त्यांनी कानांची तपासणी करून घ्यायला सांगितले आणि पडद्याच्या आत पाणी साचल्याचे निघाले. डाउन सिंड्रोममध्ये कान आणि घसा यांना जोडणारी नलिका अरुंद असल्यामुळे हे वारंवार होते. थायरॉइडचे विकार आणि झोपेत श्वास अडकणे हेही या मुलांमध्ये बरेच आढळते, आणि दोन्हींमुळे मूल दिवसभर मरगळलेले किंवा चिडचिडे राहू शकते. वर्तनाची योजना आखण्याआधी शरीराची तपासणी झालीच पाहिजे हा नियम या पथकाने पाळला. कान दुखत असताना किंवा नीट ऐकू येत नसताना मुलाला शिस्तीचे धडे देणे हा त्या मुलावर अन्याय आहे आणि तो कित्येक वर्गांत नकळत होत असतो.

वर्तन दिसायला सारखे असले तरी त्यामागची कारणे वेगवेगळी असू शकतात, ही या सगळ्या कामाची मूळ कल्पना आहे. अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिले गेले. काही मुलांमध्ये ते वर्तन काम टाळण्यासाठी, काहींमध्ये लक्ष मिळण्यासाठी, तर काहींमध्ये त्या क्रियेतून मिळणाऱ्या संवेदनेसाठीच वाढत असल्याचे दिसले. त्यावरून पुढे कारणाधारित मूल्यमापनाची पद्धत रूढ झाली. शाळेतल्या कामात सहसा चार कारणे तपासली जातात : टाळणे, लक्ष मिळवणे, एखादी वस्तू किंवा खेळ मिळवणे आणि संवेदना. हे समजले की एकच उपाय सगळ्या मुलांना लावण्यातला धोका लगेच कळतो. लक्ष मिळावे म्हणून ओरडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करणे कदाचित उपयोगी पडेल. पण काम झेपत नाही म्हणून ओरडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केले तर त्याला हवी ती सुट्टीच मिळते. आमच्या पथकाने आपला अंदाज दोन वाक्यांत लिहून दिला आणि तो चुकीचा ठरल्यास तो कशावरून ओळखायचा हेही त्याखाली लिहिले. तज्ज्ञांकडून आलेल्या कागदावर असे वाक्य मी पहिल्यांदाच वाचले.

योजनेचा मोठा भाग मुलीने काय करावे यापेक्षा मोठ्यांनी काय बदलावे याविषयी होता. जेवणाच्या खोलीत तिचा वर्ग इतरांच्या थोडा आधी जाऊ लागला. निघण्याआधी वर्गशिक्षिका तिच्यासमोर येऊन, तिच्या नजरेच्या पातळीवर बसून, पुढच्या ठिकाणाचे छायाचित्र दाखवू लागल्या. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांची ऐकून लक्षात ठेवण्याची क्षमता पाहून लक्षात ठेवण्यापेक्षा कमी असते, म्हणून दिवसाचा क्रम छायाचित्रांच्या पट्टीवर लावला गेला आणि एकेक काम झाले की ते चित्र ती स्वतः काढून डबीत टाकू लागली. ग्रंथालयाच्या वाटेवर जे काम आधीच यशस्वी होत होते तेच इतर वाटांवरही देण्यात आले : हजेरीपत्रक कार्यालयात नेणे, चेंडूची जाळी मैदानावर नेणे. हे बदल करायला कोणतेही महागडे साहित्य लागले नाही. वर्गशिक्षिकांनी मात्र मोकळेपणाने सांगितले की चाळीस मुले दारात उभी असताना एका मुलीसमोर जाऊन बसणे सुरुवातीला अवघड गेले. छायाचित्रांची पट्टी सगळ्या वर्गासाठीच मोठ्या आकारात भिंतीवर लावली गेली तेव्हा ही अडचण बरीच हलकी झाली, आणि दिव्यांग नसलेली पण गोंधळून जाणारी काही मुलेही तिच्याकडे पाहून पुढच्या तासाची तयारी करू लागली.

दुसरा भाग शिकवण्याचा होता. जमिनीवर बसून मुलगी जे सांगत होती ते सांगण्याचा दुसरा, सोपा मार्ग तिला द्यायचा होता. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांना त्यांच्या वर्तनाच्या कारणाशी जुळणारे वाक्य बोलायला शिकवले गेले. काम अवघड वाटणाऱ्या मुलाला समजत नसल्याचे सांगायला, आणि लक्ष हवे असलेल्या मुलाला आपले काम कसे झाले आहे हे विचारायला. कारणाशी जुळणारे वाक्य शिकवले तेव्हा त्रासदायक वर्तन घटले; न जुळणारे वाक्य शिकवले तेव्हा घटले नाही. आमच्या मुलीला दोन चित्रकार्डे मिळाली, एक ‘थोडे थांबू या’ असे सांगणारे आणि दुसरे ‘माझ्याबरोबर चला’ असे सांगणारे. ती गळ्यातल्या पट्ट्याला लावलेली असत. पथकाचा आग्रह असा होता की पहिल्या आठवड्यांत तिने कार्ड दाखवले की मागणी तत्काळ आणि दर वेळी पूर्ण झालीच पाहिजे, कारण जमिनीवर बसणे हा मार्ग तिच्यासाठी खात्रीचा होता आणि नवा मार्ग त्याहून कमी खात्रीचा असेल तर ती तो का स्वीकारेल? थांबण्याचा अवधी नंतर हळूहळू वाढवण्यात आला. ‘मागितले की दिले तर ती लाडावेल’ ही शंका मलाही विचारली गेली. माझे उत्तर असे की आपल्याला काय हवे ते दुसऱ्याला कळेल अशा रीतीने मागता येणे हे शिक्षणच आहे, आणि मोजके बोलणाऱ्या मुलीच्या बाबतीत ते अक्षरओळखीइतकेच महत्त्वाचे आहे.

योजनेतल्या एका कलमासाठी शाळेला आपली जुनी सवय सोडावी लागली. त्याआधी एखाद्या दिवशी प्रकरण फार वाढले की आम्हाला फोन येई आणि ‘आज तिला लवकर घेऊन जा’ असे सांगितले जाई. पथकाने हे ताबडतोब थांबवले. जी मुलगी गोंगाटापासून सुटका व्हावी म्हणून बसते, तिला त्याच वेळी घरी पाठवले तर सुटकेचा सर्वांत मोठा नमुना आपणच तिला दाखवतो, हे त्यांनी मुख्याध्यापकांसमोर मांडले. असे घरी पाठवणे कुठल्याही नोंदीत शिक्षा म्हणून येत नाही, म्हणून मुलाचे शिक्षण किती बुडाले हे कोणी मोजतही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम २४ मध्ये समावेशक शिक्षण आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार साहाय्य यांचा उल्लेख आहे. मूल वर्गात असेल तरच त्या साहाय्याला काही अर्थ उरतो. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात १९९७ च्या दुरुस्तीने वर्तनाचे कारणाधारित मूल्यमापन आणले, पण तेथे ते बंधनकारक झाले ते मुख्यतः शिस्तभंगाच्या कारवाईच्या संदर्भात, म्हणजे मूल शाळेबाहेर काढले जाण्याच्या टप्प्यावर. त्याच कायद्याने वर्तनामुळे शिकण्यात अडथळा येत असेल तर सकारात्मक उपाययोजनेचा विचार करायलाही सांगितले होते. बालवर्गातच सुरू होणारी सेवा हा दुसरा भाग प्रत्यक्षात आणते, आणि तेच तिचे खरे महत्त्व आहे.

पथकाचा प्रामाणिकपणा मला सर्वांत जास्त जाणवला तो एका इशाऱ्यात. जुन्या वर्तनाला मिळणारा प्रतिसाद बंद झाला की ते कमी होण्याआधी काही काळ वाढते, जोर धरते, नवी रूपे घेते, हे त्यांनी आधीच लेखी कळवले होते. तसेच झाले. केस ओढणे वाढले, एकदा चष्मा फेकला गेला. आधी कल्पना दिली नसती तर शाळेने आणि आम्हीही ती योजना फसली असे मानून सोडून दिली असती, आणि मध्येच सोडण्याचा परिणाम अधिक वाईट असतो, कारण मुलाला कळते की जास्त जोर लावला की जुनेच परत मिळते. या काळात मुलीला कोणी दाबून धरायचे नाही, खोलीत कोंडायचे नाही, आणि इतर मुलांना इजा होऊ नये म्हणून कोणी कुठे उभे राहायचे हेही ठरवून ठेवले होते. जी सेवा या अवघड आठवड्यांविषयी काहीच बोलत नाही ती घेण्याआधी पालकांनी खोलात जाऊन विचारावे.

बक्षिसांच्या बाबतीत माझे मत संमिश्र आहे. मुलीच्या वहीत चांदण्यांचा तक्ता होता आणि ठरावीक चांदण्या झाल्या की तिला आवडीचे काम निवडता येई. वर्गशिक्षिकांनी तो समजून वापरला. ‘शाब्बास’ एवढेच न म्हणता ‘जाळी घेऊन तू दारापर्यंत चालत आलीस’ असे त्या म्हणत, आणि नेमके काय आवडले ते सांगणाऱ्या कौतुकाचा परिणाम मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि डॉन थॉमस यांच्या १९६८ च्या वर्गातील अभ्यासातही नुसते नियम सांगण्याचा परिणाम नगण्य आणि योग्य वर्तनाच्या कौतुकाचा परिणाम मोठा दिसला होता. पण वर्गशिक्षिका रजेवर असताना बदली शिक्षिकांनी मिळालेल्या चांदण्या काढून घ्यायला सुरुवात केली. योजनेत तसे कुठेही लिहिलेले नव्हते. कष्टाने मिळवलेली गोष्ट हिरावली जाते हे कळल्यावर मुलीने तक्ताच फाडला आणि त्यानंतर बराच काळ तिने त्याला हात लावला नाही. पथकाने तक्ता बंद करून त्याच्याऐवजी कामांमधली निवड तिला थेट देऊ केली, आणि माझ्या मते सुरुवातीपासून तेच पुरले असते. चांदण्यांचा तक्ता दिसायला सोपा असल्यामुळे जो कोणी वर्गात येतो तो आपल्या मनाप्रमाणे वापरतो, आणि तो हाताळणे खरे तर अवघड आहे.

नोंदींविषयीही थोडे. पहिल्या सत्रात रोजच्या नोंदींवरून साधा आलेख काढला जात असे आणि बैठकीत तो समोर ठेवला जाई. त्यामुळे ‘हल्ली बरे वाटते’ किंवा ‘काही फरक नाही’ अशा मोघम बोलण्याला जागा उरत नसे. शुक्रवारी दुपारी वर्तन वाढते हे आलेखावरूनच कळले आणि त्या दिवशीचा सामूहिक नृत्याचा तास छोट्या गटात घ्यायचे ठरले. दुसऱ्या सत्रात मुलगी सावरली तशा नोंदी विरळ झाल्या. वर्गशिक्षिकांचा यात दोष नाही. रोजच्या कामावर आणखी एक काम लादले आणि त्यासाठी वेळ दिला नाही की असेच होते. पथकाने दोन पर्याय द्यायला हवे होते, एक बारकाईच्या नोंदींचा आणि दुसरा स्थिर काळासाठी अगदी थोडक्यात करायच्या नोंदींचा. हा दोष छोटा वाटला तरी पुढे तोच महागात पडला.

मदतनीस ताई मायाळू आहेत आणि मुलीला त्यांचा फार लळा आहे. नेमके म्हणूनच एक धोका होता. मूल सूचनेची वाट पाहू लागते, ताईंनी हात पुढे केल्याशिवाय उठत नाही, वर्गातली मुलेही मुलीशी बोलण्याऐवजी ताईंना विचारतात. पथकाने मदत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा क्रम लिहून दिला होता : आधी हात धरून, मग खुणेने, मग फक्त चित्राकडे बोट दाखवून, आणि शेवटी काही अंतरावर उभे राहून. मैदानाच्या वाटेवर हा क्रम पूर्ण झाला. जेवणाच्या खोलीच्या वाटेवर ताई अजूनही शेजारी असतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो गोंगाट खरोखरच कठीण आहे.

वर्तनावर काम करणाऱ्या कोणत्याही सेवेला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : मूल शांत बसावे हे तिचे ध्येय आहे की मुलाला वर्गात सहभागी होता यावे हे? ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करून बसलेले मूल शिकत असेलच असे नाही. बोलण्यातून नकार देता न येणाऱ्या मुलाला केवळ आज्ञा पाळायला शिकवले तर त्याला स्वतःचे रक्षण करणेही अवघड होते. स्वमग्न प्रौढांनी आपल्या लहानपणच्या वर्तनोपचारांविषयी जी टीका केली आहे तिचा गाभा हाच आहे आणि ती टीका या क्षेत्राने गंभीरपणे घेतली पाहिजे. आमच्या मुलीच्या योजनेत नकाराला जागा होती. तिला एखादे काम नको असेल तर ते सांगण्याची खूण होती आणि ती मान्य होत असे, निदान काही वेळा. आनंद झाल्यावर ती हात हलवते, ते थांबवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. उद्दिष्टांच्या यादीत ‘जमिनीवर बसणे बंद होणे’ याच्या वर ‘वर्गाबरोबर जेवायला जाणे’ लिहिले होते, आणि दोन्हींपैकी कोणते आधी लिहिले आहे यावरून सेवेचा कल ओळखता येतो.

पालकांशी असलेला व्यवहार चांगला आहे, दोन सुधारणा मात्र हव्यात. मूल्यमापनाचा अहवाल तांत्रिक शब्दांनी इतका भरलेला होता की मला तो दोनदा समजावून घ्यावा लागला. आजी-आजोबांकडे मूल राहते अशा घरांत तो कागद कपाटातच राहील. दुसरे असे की शाळा सुटताना दारात उभे राहून, मुलीच्या देखत, तिच्या दिवसभराच्या वागण्याची उजळणी होत असे. बोलता न येणाऱ्या मुलाला ऐकू येते आणि समजते. आम्ही सांगितल्यावर ही उजळणी वहीतून होऊ लागली, आणि वहीत आधी त्या दिवशी जमलेली गोष्ट लिहायची असेही ठरले.

ही सेवा प्रत्येक अडचणीवरचा उपाय नाही. क्षणभर थिजणारे, हाक मारूनही भानावर न येणारे मूल दुर्लक्ष करत नसून त्याला फिट येत असू शकते. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीच हवी. अभ्यासाची पातळीच मुलाच्या आवाक्याबाहेर असेल तर वर्तनाची कितीही चांगली योजना केली तरी ती टिकणार नाही, तिथे अभ्यासक्रमात बदल करावा लागतो. आणि ज्या शाळेत वर्गशिक्षकांना पथकाबरोबर बसायला आठवड्यातून थोडा वेळही दिला जात नाही, तिथे ही सेवा कागदावरच राहील. सेवा घेण्याआधी मुख्याध्यापकांना हा वेळेचा प्रश्न नक्की विचारावा. तज्ज्ञ अधूनमधून येतात. दिवसभर मुलाबरोबर वर्गशिक्षिका असतात.

आता हस्तांतराविषयी, ज्याचा उल्लेख सुरुवातीला केला. मुलगी पहिलीत गेली तेव्हा नव्या वर्गशिक्षिकांना एक जाडजूड फाइल मिळाली. ती वाचायला त्यांना सवड मिळाली नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. गळ्यातल्या कार्डांचा पट्टा सुट्टीत हरवला होता आणि नव्या वर्गातली कार्डे वेगळ्या चित्रांची होती, त्यामुळे मुलीच्या दृष्टीने ती कार्डेच नव्हती. मैदानाचा नवा रस्ता दुसऱ्या जिन्यावरून होता. शाळा सुरू झाली आणि ती पुन्हा जमिनीवर बसू लागली. दुसऱ्या सत्रातल्या नोंदी विरळ असल्यामुळे वर्षाच्या अखेरीस नेमके कोणते साहाय्य चालू होते हेही कोणाला नीट सांगता येईना. पथकाला कळवल्यावर ते लगेच आले, जुनी चित्रे परत छापली गेली, जेवणाला आधी जाण्याची व्यवस्था पुन्हा लागली आणि गाडी पहिल्यापेक्षा लवकर रुळावर आली. शिकलेले विसरले जात नाही, फक्त त्याला ओळखीच्या खुणा लागतात. पण हे सगळे टाळता आले असते.

म्हणून आम्ही आता योजनेत तीन गोष्टी लेखी घालून घेतल्या आहेत. वर्ष संपण्याआधी जुन्या आणि नव्या वर्गशिक्षिकांनी मुलीसह एकत्र वेळ घालवायचा आणि नवा जिना, नवी खोली तिला सुट्टीआधीच दाखवायची. फाइलबरोबर एकाच पानाचा कागद द्यायचा, ज्यावर ती कशाने अडते, काय दाखवल्यावर उठते आणि काय कधीही करायचे नाही एवढेच असेल, आणि तोच कागद बदली शिक्षिकांसाठी हजेरीपत्रकातही ठेवायचा. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, तक्रार येण्याची वाट न पाहता, पथकाने एकदा वर्गात येऊन बसायचे. पथकाने तिन्ही मान्य केल्या. ही कलमे त्यांच्या नेहमीच्या मसुद्यात नसतात, त्यामुळे योजनेवर सही करण्याआधी ती मागून घालून घ्यावीत.